एका कुळाची दोन आडनावे



आपल्या मंडळाने कुलवृत्तान्त छापण्याचे मनावर घेतले, त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. आम्ही काही संशोधक नव्हे. चिरंजीव पुतण्या कॅनडात माँट्रियल येथे नोकरीस आहे. त्याच्याकडे काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा तेथील फ्रेंच लोकांची वंशावळी शोधण्याची हौस पाहून आम्ही थक्क झालो. तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

या लोकांचे पूर्वज मुख्यत्वे सतराव्या शतकात फ्रान्समधून तेथे गेले. १६६३ ते १६७३ या काळात तर राजाने स्वखर्चाने सुमारे आठशे मुली विवाहासाठी धाडल्या. 'राजाच्या मुली' हे त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही असे. १६४० साली क्वेबेकचे चर्च जळाले, त्यात वह्याही गेल्या. तेव्हा लोकांच्या आठवणीवरून त्या पुन्हा लिहून काढल्या! पुढे तांगे नावाच्या पाद्र्याने १८७१ ते १८९० या वर्षांत या कुळांचा सात खंडांचा कोशच प्रसिद्ध केला.

खरी गंमत आडनावांची आहे. फ्रेंचमध्ये 'दी' म्हणजे आपले 'ऊर्फ'. १६६५ साली आलेल्या पलटणीतील शिपायांना टोपणनावे असत. कोणी 'लाफ्लर' म्हणजे फूल, तर कोणी 'सांसूसी' म्हणजे निश्चिंत. कित्येकदा तेच पुढे आडनाव झाले. 'मिव्हिल ऊर्फ देशेन' या एकाच कुळातील काही वंशज मिव्हिल राहिले, काही देशेन झाले. अमेरिकेत गिरण्यांच्या कामास गेलेल्यांनी तर नावांचे भाषांतरच केले: रुआचा किंग झाला, बुआव्हेरचा ग्रीनवुड. अशा किंगसाहेबांनी आपले पूर्वज इंग्लंडात शोधले तर जन्मभर सापडावयाचे नाहीत. आपण हसता, पण दप्तरात कुलकर्णी आणि मूळ गावी निराळेच उपनाव, अशी घरे महाराष्ट्रात थोडी का आहेत?

तथापि आमच्या मनाला लागली ती गोष्ट वेगळी. तेथे विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या मातापित्यांची नावे लिहीत, आणि मातेचे नाव माहेरच्या आडनावासह. कागदोपत्री स्त्री जन्मापासून मृत्यूपर्यंत आपल्या पित्याच्याच आडनावाने ओळखली जाई. १९८१ पासून क्वेबेकच्या कायद्यानेच विवाहानंतर स्त्रीचे जन्मनाव कायम ठेवले आहे. त्यामुळे तेथील मनुष्य आईच्या आईच्या आईपर्यंत सहज मागे जातो.

आम्ही परत आल्यावर त्र्यंबकेश्वरी गेलो. उपाध्यायांच्या वहीत आजोबांच्या हस्ताक्षरात पाच पिढ्या निघाल्या. ते अक्षर पाहून डोळे भरून आले. परंतु आजीचे नाव फक्त 'लक्ष्मी', तेही सासरचे. माहेरी तिला काय म्हणत, ती कोणाची लेक, हे आमच्या वडिलांनाही कधी सांगता आले नव्हते. ज्या आजीच्या मांडीवर आम्ही वाढलो, तिच्याविषयी आम्हांस एवढेच ठाऊक!

मंडळाच्या छापील तक्त्यात 'पत्नीचे नाव' असा एकच रकाना आहे, आणि कन्यांना तर रकानाच नाही. कागद वाढेल, खर्च वाढेल, असे चिटणीस म्हणतात. ते खोटे नाही. तरी पत्नीचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव व गाव आणि कन्यांची नावे एवढे तरी तक्त्याच्या पाठीमागे हाताने लिहून द्यावे. घरातील ऐंशी वर्षांवरील सर्व स्त्रियांना येत्या दिवाळीपूर्वी विचारून घ्यावे. तक्ते आमच्याकडे आणून दिल्यास स्वच्छ अक्षरात उतरवून देण्याचे काम आम्ही करू.