बुडत्या आगबोटी आणि होड्यांचा हिशेब

एकोणिसाव्या शतकातल्या आगबोटींचे अपघात आपण शूर आणि भित्र्या माणसांच्या गोष्टी म्हणून ऐकत आलो आहोत. 26 फेब्रुवारी 1852 ला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'बर्कनहेड' ही फौज नेणारी बोट खडकावर आपटली. शिपाई डेकवर शिस्तीत उभे राहिले आणि बायकामुलं होडीतून सुखरूप गेली. 27 सप्टेंबर 1854 ला न्यूफाउंडलंडजवळच्या दाट धुक्यात 'आर्क्टिक' ही अमेरिकी आगबोट 'व्हेस्टा' या लहान फ्रेंच बोटीवर आदळली. खलाशांनी होड्या बळकावल्या, आणि एकही बाई, एकही मूल वाचलं नाही. पहिल्यांना मान मिळाला, दुसऱ्यांच्या वाट्याला धिक्कार आला. दोन्ही रास्तच. पण माणसांचं शील जोखताना बोटीची बांधणी नजरेआड होते, असं माझं म्हणणं आहे. आर्क्टिकवर माणसं सुमारे 400, होड्या 6 आणि त्यांत जागा जेमतेम 180. बोट बुडालीच तर निम्म्याहून अधिक लोकांना आसरा नाही, हे लिव्हरपूलचा धक्का सोडतानाच ठरून गेलं होतं. तिचं लाकडी पोट आतून मोकळं, त्यामुळे एकदा आत शिरलेलं पाणी अडायला जागाच नव्हती. व्हेस्टा लोखंडी होती, आणि तिच्या पोटात पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती होत्या. तिचं नाक पार चेचलं, तरी खलाशांनी पुढच्या भिंतीला गाद्या, फळ्या आणि दोरखंडांचा टेकू दिला आणि बोट सेंट जॉन्स बंदराला लावली.

कोणी म्हणेल, होड्या बर्कनहेडवरही अपुऱ्याच पडल्या, तरी बायकामुलं वाचली. म्हणजे शिस्तच तारते. शिस्तीनं 7 बायका आणि 13 मुलं तारली, हे खरं, आणि त्या शिपायांपुढे मान लवतेच. पण असलेल्या जागा कोणाला द्यायच्या, एवढंच शिस्त ठरवू शकते. जागा वाढवणं तिच्या हाती नसतं. फौजेला ऐसपैस जागा व्हावी म्हणून बर्कनहेडच्या आतल्या भिंतींना आधीच मोठी भगदाडं पाडलेली होती. होड्या उतरवायची यंत्रणा ऐन वेळी अडकली, तीनच होड्या पाण्यात गेल्या, आणि सुमारे 640 पैकी 193 जण वाचले. खवळलेल्या समुद्रात होड्या असून काय उपयोग, हा दुसरा आक्षेप. पण टक्कर झाल्यावर आर्क्टिक चारेक तास तरंगत होती. वेळ होता, जागा नव्हती.

इतकं होऊनही 1894 च्या ब्रिटिश कायद्याखालच्या नियमांत होड्यांचा आकडा माणसांवर ठरत नव्हता, तो बोटीच्या टनांवर ठरे, आणि ती मोजणी 10,000 टनांपाशी थांबे. 1912 साली 46,000 टनांची 'टायटॅनिक' निघाली, तेव्हा तिच्यावर 2,200 हून अधिक माणसं होती, 20 होड्यांत मिळून 1,178 जणांची जागा होती, आणि नियमाप्रमाणे त्यात काहीच कमी नव्हतं.