किती गिलास?

मे महिना लागला की चांदूर बाजारात दवाखान्यापासून पानटपरीपर्यंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "दिवसाचं किती गिलास पानी प्या लागते जी?" उत्तर देणारा अडत नाही. आठ! मोबाईलवर तसं आलेलं असतं.

या आठाचं मूळ बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. तिथल्या अन्न व पोषण मंडळानं मोठ्या माणसाला रोज अडीच लीटर पाणी पुरेसं, असं म्हटलं होतं. त्यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, हेही लगोलग सांगितलं होतं. लोकांनी अडीच लीटर तेवढं उचललं. हाइन्झ व्हाल्टिन हे मूत्रपिंडाचे अभ्यासक. त्यांनी २००२ साली या आठ गिलासांचा शास्त्रीय पुरावा धुंडाळला, तो काही सापडला नाही. तेव्हा वरण, ताक, टरबूज हे सगळं पाण्याच्या हिशेबात धरायचं. आपला चहासुद्धा. चहानं अंगातलं पाणी आटतं म्हणतात, पण नेहमीच्या चहाच्या बाबतीत त्यात फारसं तथ्य नाही.

खरं म्हणजे पाण्याला एकच ठरीव आकडा नसतो, हे आपल्या संत्रा बागायतदाराला वेगळं सांगायला नको. झाडाला पाणी किती, असं त्याला विचारून पाहा. तोच उलट विचारेल, झाड किती वर्षांचं, जमीन भारी का हलकी, आंबिया बहार धरला का मृग? मृगासाठी बाग ताणावर सोडायची तर तो पाणी तोडतोसुद्धा. माणसाला ताणावर सोडता येत नाही, बाकी हिशेब तोच. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात २३ देशांतल्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास छापून आला. त्यातही हेच दिसलं. उष्ण हवामानात राहणारे, अंगमेहनत करणारे, गरोदर स्त्रिया यांच्या शरीरातून जास्त पाणी ये-जा करतं. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा निघत नाही.

बहिरमच्या यात्रेत, डिसेंबरच्या थंडीत, हंडी शिजत असताना शेकोटीपाशी बसलेल्या माणसानं तहान लागेल तेवढं प्यावं, पुरे. पण मे महिन्यात विटाभट्टीवर किंवा वखरामागं राबणाऱ्याला तासाला लीटरभर घाम सहज येतो. तिथं तहान मागं राहते. अशा कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी एक गिलास पाणी घ्यावं, तहानेची वाट पाहू नये. लघवी गडद पिवळी, थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं. म्हाताऱ्या माणसांची तहान मुळातच मंद झालेली असते. त्यांना न विचारता गिलास हातात द्यावा.

म्हणून घटाघट तांब्यामागून तांब्याही रिचवू नये. मूत्रपिंडं तासाला साधारण लीटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. घामासोबत मीठही जातं. वर नुसतं पाणीच भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. भाकर, कांदा आणि मिठाचं ताक ही शिदोरी त्या दृष्टीनं फार शहाणी आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

हगवण-उलटीत ओआरएस. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याच्या याच मेळावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना तगवलं. मोठी, साडेवीस ग्रॅमची पुडी पूर्ण एक लीटर पाण्यात टाकायची असते. आपल्याकडे ती एका गिलासात ढवळून "कडक" केली जाते, त्यानं अपायच होतो. आणि ऊन लागून माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

विश्रोळीला धरणात अडणारी आपली पूर्णा पुढं दर्यापूर, भातकुलीच्या अंगानं जाते. तिकडं खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी खारट, ते पोटभर पिववत नाही. तिथं किती प्यावं याच्या आधी कोणतं प्यावं हा प्रश्न येतो.

आणि एक गोष्ट आकड्यांत कुठंच येत नाही. निंदणाला, तोडणीला जाणाऱ्या कितीतरी बाया दिवसभर मुद्दामच कमी पाणी पितात. घोट-दोन घोट, तेवढंच. कारण साधं आहे, जायचं कुठं? बाजाराच्या दिवशी, एसटीच्या लांबच्या प्रवासातही हेच. मग लघवीची जळजळ, संसर्ग, भोवळ. अशा बाईला आठ गिलास सांगा नाहीतर बारा, ती पिणार नाही, आणि तिचं चुकतंय असंही नाही. बागेत बाया कामाला बोलावल्या तर पाण्याच्या कॅनशेजारी झाडाखालची सावली आपण देतोच. धुऱ्याकडं चार बांबू रोवून हिरव्या जाळीचा आडोसा करायला तासभरही लागत नाही, आणि जाळीचा तुकडा बहुतेक बागायतदारांच्या कोठ्यात पडलेला असतो.