भिंतीवरचे रंग, हातावरचं गोंदण
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नाही. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी, शिक्षण स्थापत्यातली पदविका. बोलायला सांगितलं म्हणून उभे आहोत. विषय आहे आमच्या रविवारच्या फिरण्याचा. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मंडळातले आम्ही सहा-सातजण पहाटे चालायला लागलो. सुरुवात काचीगुड्यापासून, शेवट जिथे इराणी चहा मिळेल तिथे. तेव्हा साखर किती उतरली ते विचारू नका.

एका रविवारी खैरताबादच्या बाजूला गेलो. 1954 साली एक फुटाच्या मूर्तीपासून सुरू झालेला तिथला गणपती आपण सगळे दरवर्षी बघतो. पण त्याच भागात, हुसेनसागरच्या काठाला, रेल्वेरुळांजवळ मक्ता नावाची वस्ती आहे, तिथे आमच्यातलं कुणी कधी आत गेलं नव्हतं. 2016 साली स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने तिथल्या घरांच्या भिंती चित्रकारांकडून रंगवून घेतल्या. दिल्लीच्या लोधी कॉलनीत आदल्या वर्षी त्यांनी असंच काम सुरू केलं होतं. तेलंगणातल्याच स्वाती आणि विजय या चित्रकार जोडप्याने मक्त्यात काम केलं. गल्ली इतकी अरुंद की भिंतीभर चित्र एका नजरेत मावत नाही. मान वर करायची, मागे सरकायचं, तर पाठ समोरच्याच्या दाराला लागते.

आम्ही अशीच मान वर करून फोटो काढत होतो. दारात भांडी घासत बसलेल्या एक अम्मा ओरडल्या, ‘‘पूछ के लेना नै क्या? घर हमारा है!’’

आम्ही ओशाळलो, माफी मागितली. मग त्यांनीच बसायला स्टूल दिलं. म्हणाल्या, रंगवणारे आले तेव्हा त्यांनी आधी विचारलं होतं. काय काढू, कुठे काढू, खिडकी मध्ये येते ती चालेल का. ‘‘हम हौ बोले, तब रंग लगाए.’’ आता चित्राचा खालचा भाग गेला आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढते, लोणा फुटतो, गिलावा फुगतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. वरचा भाग उन्हाने फिका झालेला. मधून नळाचा पाइप गेला आहे. अम्मांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. ‘‘पानी तो होना ना,’’ म्हणाल्या. आमच्या नोकरीचं कळल्यावर मात्र त्यांनी गल्लीतल्या नालीची तक्रार सांगितली. ते काम आमच्या खात्याचं नाही, तरी अर्ज कुठे द्यायचा ते आम्ही लिहून दिलं.

परत येताना आमच्यात कुणी फारसं बोललं नाही. आमच्या मनात मात्र एक जुनी भिंत आली. काही वर्षांपूर्वी एका पाहुण्यांच्या दौऱ्याआधी रस्त्याकडेच्या एका कुंपणभिंतीला दोन हात चुना देण्याचं काम आमच्याकडे होतं. त्या भिंतीवर जवळच्या वस्तीतल्या पोरांनी कोळशाने आणि विटेच्या तुकड्याने रेल्वे काढली होती. इंजिन, डबे, खिडकीत माणसं, सगळं. मजुराने बादली ठेवली तेव्हा एक पोरगा येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. आम्हीही काही बोललो नाही. दुपारपर्यंत रेल्वे गेली. मापपुस्तिकेत आम्ही लांबी, उंची आणि चौरस मीटर लिहिले. रेल्वे लिहायला त्यात रकाना नव्हता. दौरा रद्द झाला, हे नंतर कळलं. चुना द्यायलाच हवा होता, हुकूम होता. पण त्या पोराला दोन शब्द सांगायला, त्या रेल्वेचा एक फोटो काढून ठेवायला कुणाचा हुकूम लागत नव्हता.

आता दुसरी गोष्ट, घरातली.

आमच्या फिरण्याच्या वाटेवर, हिमायतनगरकडे, टॅटूची दुकानं लागतात. काचेवर वाघ, गरुड, शंकर, कुणाच्या तान्ह्या बाळाची पावलं. आम्ही लांबूनच बघून नाकं मुरडत होतो. मग आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने जाहीर केलं की तिला टॅटू काढायचा आहे, आणि तोही आजीच्या हातावरचा.

आमच्या आईच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन आहे आणि त्याखाली ठिपक्यांची ओळ. माहेर नांदेडकडचं. तेलुगूत गोंदणाला पच्चबोट्टु म्हणतात, म्हणजे हिरवा ठिपका. काजळी कातडीखाली गेली की हिरवटच दिसते. लग्न होऊन शहरात आल्यावर शेजारणी हसतील म्हणून आई कायम लांब बाह्यांचं पोलकं घालत आली. चित्र विरघळून आता नुसता हिरवा डाग दिसतो.

आम्ही चौकशीसाठी एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने नीट समजावलं. सुई रंग वरच्या कातडीखालच्या थरात सोडते. वरची कातडी झडत राहते, खालचा रंग तसाच राहतो. भिंतीच्या नेमकं उलट. विजेवर चालणाऱ्या या यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने 1891 साली घेतलं, एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून. सुई नवी, पाकिटातून समोर फोडलेली असावी. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. आपल्या शिबिराला येणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती खूश होईल किंवा रागावेल. ती म्हणाली, ‘‘मी सात वर्षांची होते. जत्रेत गोंदणारीण बसली होती. दोघींनी हात धरला, एकीने तोंड. सुया टोचल्या, वरून हळद चोळली. मेल्यावर एवढंच बरोबर येतं म्हणायच्या. मला कुणी विचारलं नाही गं.’’ मग नातीचा हात हातात घेऊन म्हणाली, ‘‘तुला तर कुणी धरलेलं नाही. तू विचार करून सांग.’’

आम्ही पंचेचाळीस वर्षं त्या हाताचं खाल्लं आणि त्यावर काय आहे, ते कसं आलं, हे एकदाही विचारलं नव्हतं. मुलीने अजून टॅटू काढलेला नाही. दिवाळीनंतर ठरवणार आहे. आईने मात्र परवा पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचं पोलकं शिवायला टाकलं.

तर मंडळी, चित्र चांगलं की वाईट, टॅटू काढावा की नाही, हा निवाडा आम्ही करत नाही. रंग लावताना विचारावं आणि पुसतानाही विचारावं, एवढंच या फिरण्यातून शिकलो.

म्हणून दोन विनंत्या. मंडळाच्या कुंपणभिंतीला यंदा रंग द्यायचं कार्यकारिणीत ठरलं आहे. आतल्या बाजूला आपल्याच मुलांनी केलेली चित्रं आहेत. ब्रश लागण्याआधी त्या मुलांना बोलवूया. दुसरी, उत्सवाच्या दिवसांत सभागृहात एक टेबल आणि पातळ कागद ठेवू. ज्या आज्यांची इच्छा असेल त्यांच्या हातावरचं गोंदण कागदावर उतरवून घेऊ आणि ते कुठे, कसं गोंदलं गेलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवू. इच्छा असेल त्यांचंच. पहिला कागद आमच्या आईचा. तिला विचारलं आहे, ती हो म्हणाली आहे.

 गणपती बाप्पा मोरया!