केशवराव भोसले नाट्यगृह आणि आपली एक राहिलेली नोंद
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचच केला. आम्ही जुने अकरावी मॅट्रिक झालेले शाळामास्तर. इतिहाससंशोधन हा आमचा अधिकार नव्हे. परंतु विषय आपल्या कोल्हापुरातील जुन्या नाट्यगृहाचा निघाला आणि आमच्याने नाही म्हणवेना. त्याचे कारण भाषणाच्या अखेरीस निवेदन करू. ते काहीसे आमच्या घरचे आहे, आणि आमची अशी समजूत आहे की आपणांपैकी पुष्कळांच्या घरचेही आहे.

८ ऑगस्ट २०२४ या दिवशी रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्याच्या नावाने ते मंदिर उभे, त्याच्या जन्मदिनाच्या पूर्वरात्री ते जळावे, हा योग कोणाच्याही काळजास घरे पाडणारा होता. आम्हीही त्या रात्री मंगळवार पेठेतून धापा टाकीत तेथवर गेलो. रस्ता माणसांनी भरला होता. हातगाडीवाले होते, कॉलेजची मुले होती, आयुष्यभर तोंडाला रंग लावलेले वृद्ध नट होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. रंगमंच गेला, छप्पर गेले, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

या भिंती कोणी उभ्या केल्या? राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त महाराज विलायतेस गेले होते. तेथील भव्य रंगमंदिरे त्यांच्या नजरेत भरली. त्या काळी आपल्याकडे नाटक मंडळ्या गावोगाव मांडव आणि पत्र्यांची तात्पुरती थिएटरे यांतच खेळ करीत. आपल्या राजधानीत कायमचे, भक्कम आणि सोयींनी युक्त असे रंगमंदिर असावे, ही इच्छा महाराजांनी मनात धरली. प्रथम १९१२ साली कुस्त्यांसाठी खासबाग मैदान तयार झाले. त्याच्या लगतच १९१३ साली नाट्यगृहाचे काम सुरू होऊन १९१५ साली ते पुरे झाले. त्याचे त्या वेळचे नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहात मध्ये खांब नाही. त्यामुळे कोठेही बसले तरी रंगमंच आणि प्रेक्षक यांच्या आड काही येत नसे. मल्ल आणि नट यांना एकमेकांचे शेजारी करणारा राजा विरळाच!

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. याच महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी इत्यादी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे स्थापण्यास साहाय्य केले. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या वसतिगृहांना जातींची नावे होती, कारण त्या काळी पोरांची पंगत एक करणे समाजास पचणारे नव्हते, आणि शिक्षणास तर विलंब परवडणारा नव्हता. आपल्या मंडळासारख्या संस्थाही त्याच गरजेपोटी जन्मास आल्या. परंतु नाट्यगृह बांधताना त्याला कोणत्याही ज्ञातीचे नाव द्यावेसे महाराजांना वाटले नाही. तेथे सर्वांची करमणूक एक, आणि एकदा दिवे मालवले म्हणजे शेजारी कोण बसला आहे हेही दिसत नाही.

पुढे १९५७ साली या थिएटरास केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांचा जन्म कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले, घरची अत्यंत गरिबी, आणि कोवळ्या वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने या बालनटाचे नाव महाराष्ट्रभर झाले. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १९०८ च्या आरंभी, त्यांनी हुबळीस स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन अधिपती देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट मराठी रंगभूमी कधी विसरणार नाही. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचे देहावसान झाले. ज्याला शाळेचा बाक फारसा लाभला नाही, त्या मुलाचे नाव राजाने बांधलेल्या वास्तूस मिळाले. आम्ही जन्मभर मुलांना ‘शिका, म्हणजे मोठे व्हाल’ असे सांगत आलो. हे एक उदाहरण मात्र आमच्या फळ्यावर कधी मावले नाही.

आता घरची गोष्ट. आमचे एक चुलत आजोबा होते. त्यांनी केशवरावांच्या गाण्याच्या नादाने वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडले आणि ते एका फिरत्या मंडळीत गेले. आरंभी स्त्रीपार्टी, पुढे आवाज फुटल्यावर किरकोळ भूमिका, आणि अखेर पडद्याआडची कामे, असा त्यांचा प्रवास. त्यांची मंडळी कोल्हापुरास आली म्हणजे पॅलेस थिएटरात खेळ लागत. थिएटर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. परंतु आमच्या घरचे एकही माणूस तेथे गेले नाही. आजोबा घरी भेटीस येत, तेव्हा त्यांचे पान माजघरात नव्हे, तर पडवीत मांडले जाई. त्यांची आई पान वाढताना एवढेच विचारी, “काल माणसे किती होती?” आजोबा आकडा सांगत. ते सदैव वाढवूनच सांगत असत, असे त्यांनीच आम्हांस हसत हसत सांगितले होते.

आम्ही लहान असताना आपल्या मंडळाने ज्ञातीतील कुटुंबांची परिचय-पुस्तिका काढली. आमच्या तीर्थरूपांनी घराची नोंद भरली. आजोबांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘किरकोळ व्यापार’. मुलींची लग्ने व्हावयाची होती. घरात नाटक्या आहे असे छापून आले तर स्थळे परत जातील, ही भीती. तीर्थरूपांना आम्ही दोष देत नाही. परंतु पुढे दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे होते. लेखणी हाती होती. बहिणींची लग्ने केव्हाच झाली होती. दर वर्षी शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही त्याच नाट्यगृहात बालनाट्ये पाहावयास जात होतो, केशवरावांच्या तसबिरीस हात जोडीत होतो. आणि तरीही ‘किरकोळ व्यापार’ हे शब्द आम्ही जसेच्या तसे पुढे जाऊ दिले. परक्या घरचा नट असला तर संगीतसूर्य, आणि आपल्या घरचा असला तर नाटक्या! बंधुभगिनींनो, हा आमचा अपराध आहे.

आग लागली त्या रात्री आम्हांस तो रकाना आठवला. वास्तू जळाली म्हणून सारे गाव रडले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या वास्तूत ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांची नावे तर आम्ही आगीवाचूनच पुसून टाकली होती. वास्तूच्या पुनर्बांधणीचे कार्य हाती घेण्यात आले. दगड, लाकूड, खुर्च्या हे सर्व पैशाने मिळते. पडवीत जेवलेल्या माणसाची नोंद पैशाने मिळत नाही; ती त्याच्याच घरच्यांनी करावी लागते.

म्हणून आमची तीन नम्र मागणी आहेत. पहिले असे की, परिचय-पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेल तेव्हा ज्यांच्या घरात कोणी नट, गवई, पेटीवाला, पडदे रंगविणारा अथवा तमासगीर होऊन गेला असेल, त्यांनी तसे स्पष्ट लिहावे. दुसरे असे की, घरात जुनी हस्तपत्रके, छायाचित्रे, पत्रे असतील ती रद्दीत न घालता त्यांच्या नकला मंडळाकडे द्याव्यात. आणि तिसरे असे की, मुलांना वर्षातून एकदा तरी तिकीट काढून नाटकास न्यावे. फुकट पासाची वाट पाहू नये. नाट्यगृह हे राजाने बांधले तरी ते चालते रसिकांच्या पैशावर.

आमच्या घराची नवी नोंद आम्ही आजच चिटणीसांच्या हाती दिली आहे. आजोबांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘नट’ असे लिहिले आहे. अक्षर सुवाच्य काढले आहे. मुद्रिते तपासणाऱ्यास अडचण पडू नये.