परीक्षा एका लेकराची, तयारी साऱ्या घराची

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात सौंदड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हा शिक्षक मंडळींना सांगितले, "सर, पोरांना परीक्षेबद्दल दोन शब्द सांगा." आम्ही होकार दिला, पण एका अटीवर. पोरांना दोन शब्द सांगू, पण त्यांच्या आईबापांना चार सांगू. कारण पेपर लिहायला मुलगा एकटा जातो हे खरे, परंतु त्या बाकावर त्याच्यासोबत त्याचे सारे घर बसलेले असते. घरात दिवा कोणासाठी जळला, कामाला कोणाला बोलावले, टीव्ही किती वाजता बंद झाला, हे सगळे उत्तरपत्रिकेत उतरते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरोघरी भिंतीवर आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहत. तीच खोली स्वयंपाकाची, तीच झोपण्याची, तीच अभ्यासाची. सगळ्यांना एकदम आडवे व्हायलाही जागा नव्हती. तेव्हा रामजींनी काय करावे? मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे, रात्री दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग त्याच्या जागी स्वतः झोपायचे. खोली मोठी करता आली नाही, म्हणून त्या बापाने वेळ वाटून घेतली. आपल्या वस्तीत आज बहुतेकांची घरे त्या खोलीपेक्षा मोठी आहेत. जागा नाही, ही सबब आता कितपत चालावी, याचा विचार ज्याने त्याने करावा.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून बाबासाहेब मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. आजच्या टक्केवारीत पाहिले तर अडतीसही भरत नाहीत. त्या काळची मॅट्रिक अवघड होती, तिची आजच्या दहावीशी बरोबरी करता येणार नाही, हे मान्य. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या २८२ गुणांसाठी समाजाने सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्ष झाले आणि कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. गुण मोजले नाहीत, माणूस मोजला. पुढे त्याच मुलाने कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. केले, लंडनमधून १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

आणि ही डी.एस्सी. सुद्धा पहिल्या झटक्यात मिळाली नव्हती. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी परत केला, सुधारून आणा म्हणाले. बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंध पुन्हा नीट केला, लंडनला पाठवला, तेव्हा पदवी मिळाली. तेव्हा ज्याचा पेपर राहिला असेल, त्याने मान खाली घालून फिरण्याचे काही कारण नाही. बाबासाहेबांनाही "पुन्हा लिहा" असे सांगितले गेले होते. त्यांनी पुन्हा लिहिले, एवढेच.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे वळतो.

पेपर झाल्यावर आमच्या कानावर हमखास पडणारे वाक्य म्हणजे, "सर, सगळं वाचलं होतं, पण आठवलंच नाही." हे पोरगे खोटे बोलत नसते. त्याने खरोखर वाचलेले असते. पण वाचणे वेगळे आणि आठवणे वेगळे. धडा चार वेळा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचा वाटला की आपल्याला येतो असा भास होतो. रस्त्यात रोज दिसणारा माणूस ओळखीचा असतो, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येते का? तसेच आहे हे.

यावर २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिके या दोन अभ्यासकांनी प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो मिटला आणि आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने पाहिले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते, महिन्यांनी होते. म्हणून आमचा पहिला सल्ला असा: वाचा, पुस्तक झाका, लिहा, मग उघडून तपासा. जे चुकले तेवढेच पुन्हा वाचा. तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असाच झाकून लिहा. याला गाईड लागत नाही, शिकवणीची फी लागत नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहिले तरी चालते.

गणिताचेही तेच. सोडवलेले उदाहरण नुसते डोळ्यांनी पाहून गणित येत नाही. उत्तर झाकून हाताने करावे लागते. अडलात तर दोन ओळी पाहा, पुन्हा झाका.

दुसरा सल्ला वेळेचा. दहावीला गणिताचा एक भाग ४० गुणांचा असतो आणि वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन गुणांच्या प्रश्नावर वीस मिनिटे घालवणारा मुलगा हुशार असला तरी शेवटचे प्रश्न कोरे ठेवून येतो. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत ९० प्रश्नांना ९० मिनिटे. हा हिशेब परीक्षेच्या खोलीत करायचा नसतो, घरी करायचा असतो. जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, समोर घड्याळ ठेवा आणि मध्ये न उठता सोडवा. येणारे प्रश्न आधी, अडलेले नंतर, शेवटची दहा मिनिटे तपासायला. गोल भरायचे असतील तर प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक दर पाच प्रश्नांनी जुळवून पाहा. एक ओळ सरकली की बरोबर उत्तरेही चुकीची ठरतात.

या परीक्षांची नावे आम्ही मुद्दाम घेतली. नवोदय विद्यालय आपल्या जिल्ह्यात नवेगावबांधला आहे. पाचवीत शिकणारे मूल ही परीक्षा देते आणि सहावीपासून तिथे राहून शिकते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडून येऊ नका.

आता माता-पित्यांनो, तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नका.

आपला भाग धानाचा. जुलैमध्ये रोवणी लागते आणि शाळेतले बाक रिकामे होतात. "बाबू, आजच्या दिवस बांधीत ये," म्हणता म्हणता पंधरा दिवस जातात. त्याच पंधरा दिवसांत गणिताचा पाया शिकवला जात असतो. जुलैत बुडालेला धडा मार्चमध्ये सापडत नाही. दिवाळीनंतर मंडई सुरू होते, गावोगावी रात्रभर नाटके होतात. झाडीपट्टीचे नाटक हे आपले वैभव आहे, ते पाहू नका असे आम्ही म्हणणार नाही. पण दहावीच्या मुलाने एका हंगामात किती नाटके पाहावी, हे घरात बसून ठरवा. काही ठिकाणी उन्हाळी धानाची रोवणी ऐन परीक्षेच्या तोंडावर येते. दहावीचा शेवटचा पेपर होतो न होतो तोच मोहफुले पडू लागतात, आणि खालच्या वर्गांच्या परीक्षा तर मोहाच्या दिवसांतच येतात. पहाटे मोहफुले वेचून आलेले लेकरू दुपारी पेपरात पेंगते.

पोट भरायचे तर काम करावेच लागते, हे आम्हालाही कळते. मजुरी सोडा असे सांगायला आम्ही आलो नाही. आमचे म्हणणे एवढेच की घराने हंगाम पाहून आधी ठरवावे. रोवणीत मुलाची मदत हवी असेल तर रविवारी घ्या, शाळेच्या दिवशी नको. परीक्षेच्या महिन्यात त्याचे काम दुसऱ्याने उचलावे. रामजींनी जशी वेळ वाटून घेतली, तशी आपण कामे वाटून घ्यावी.

आणि मुलींचे काय? सायंकाळी मुलगा पुस्तक घेऊन बसतो, मुलगी चुलीपाशी. भांडी तिने घासायची, धाकट्याला तिने सांभाळायचे, पाणी तिने भरायचे आणि रात्री नऊला, डोळे मिटत असताना, अभ्यासाला बसायचे. तरीही ती पास होते, म्हणून आपल्याला वाटते तिचे बरे चालले आहे. तिला दोन तास मोकळे मिळाले असते तर तिने काय केले असते, याचा विचार कोणी करत नाही. विहारात समतेवर बोलणाऱ्या घरात भांड्यांची पाळी मुलालाही असावी.

कागदपत्रांचीही तयारी असते. अभ्यास झाला, गुण मिळाले आणि दाखल्यासाठी प्रवेश अडला, असे प्रसंग आम्ही पाहतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि पुढे लागणारे जात वैधता प्रमाणपत्र, ही कामे दहावीच्या आधीपासून हाती घ्या. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि फॉर्मवर नाव अक्षर न अक्षर सारखे असू द्या. धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाईल, अशी भीती अजून काहींच्या मनात आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. तेव्हा भिऊ नका, फक्त दाखला योग्य नमुन्यात काढा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

पेपरच्या आदल्या रात्री नवे काही वाचू नका. हॉल तिकीट, दोन पेन, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली रात्रीच भरून ठेवा. पुरेसे झोपा. आईने सकाळी साधे वरण-भात वाढावे आणि "नीट लिही" एवढेच म्हणावे. "यंदा नाक कापू नकोस," असे म्हणू नये. हे वाक्य घेऊन मूल तीन तास लिहू शकत नाही.

शेवटी निकालाच्या दिवसाबद्दल. आमच्या मते साऱ्या वर्षात महत्त्वाचा दिवस तोच. त्या दिवशी मोबाईलवर निकाल दिसतो आणि पाच मिनिटांत मोहल्ल्यात कळतो. ज्याला कमी पडले ते पोर कोपऱ्यात जाते. त्या वेळी घरातले पहिले वाक्य काय असते, यावर पुष्कळ काही ठरते, कधी कधी जीवही. फेब्रुवारी-मार्चमध्ये राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैमध्ये होते. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत बसता येते. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून पुन्हा परीक्षा देता येते. वाट बंद झालेली नसते, ती दाखवणारा माणूस जवळ हवा. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे दिवसरात्र कोणीतरी ऐकून घेते.

विहार समितीकडे आमचे दोन मागणे आहेत. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपण रोज सायंकाळी ग्रंथवाचनाला जमतो. सवय आहे, चटई आहे, दिवा आहे. वर्षावास संपला की तोच दिवा मार्चपर्यंत मुलांसाठी जळू द्या. रोज सात ते नऊ, मोबाईल दाराशी ठेवून, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे. दुसऱ्याला समजावून सांगणे हीसुद्धा झाकून आठवण्याचीच एक रीत आहे. आम्ही शिक्षक पाळीपाळीने येऊ, हा शब्द आज इथे देतो.

दुसरे असे की गुणवंतांचा सत्कार करता तो जरूर करा, पण त्याच मंचावर एक फूल त्या मुलालाही द्या जो मार्चमध्ये राहिला आणि जुलैमध्ये पास झाला. एक फूल त्या मुलीलाही, जिने घरचे सारे करून पन्नास टक्के मिळवले. २८२ गुणांचा सत्कार करणारा समाज आहोत आपण, हे विसरू नका.

सौंदडला महामार्ग आहे, रेल्वे आहे. गाव सोडून जायला रस्ते पुष्कळ आहेत. आपले लेकरू त्या रस्त्याने मजुरीला जाते की शिकायला, हे पुष्कळसे घरातल्या त्या दोन तासांवर अवलंबून आहे. ते दोन तास आजपासून राखून ठेवा, एवढीच विनंती करून थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!