विजेचा दर कोण ठरवतं?

(आनंदनगर, अंबरनाथ इथल्या बैठकीतलं भाषण)



इथल्या कारखान्यांत आपल्या वाड्यांवरची पोरं कंत्राटावर राबतात. त्या कारखान्याला वीज देते महावितरण, आणि वाडीवरच्या एका बल्बाला देते तीही महावितरणच. दर कोण ठरवतं? वायरमन नाही, साहेबही नाही. मुंबईत महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे, 1999 सालापासून. तो ठरवतो.

आयोगाला पंच समजा. कंपनी म्हणते, दर वाढवा. कारखानदार म्हणतो, आमच्याकडून जास्त घेऊन शेतीपंपाला अन् गरिबाला स्वस्त देता, ते कमी करा. शेतकरी म्हणतो, पंपाला हात लावू नका. कायद्यानं पंच कुणा एकाचा नाही. पण समोर उभा राहील त्याचंच म्हणणं कागदावर चढणार. जो आलाच नाही त्याचं कोण लिहिणार?

2000 सालची गोष्ट ऐका. वीज मंडळाचा दरवाढीचा पहिला अर्ज आयोगापुढं आला. मंडळ म्हणत होतं, इतकी इतकी वीज शेतीपंपांनी खाल्ली. पुष्कळ पंपांना मीटरच नव्हते, सगळा अंदाज! पुण्याच्या प्रयास गटानं अन् इतरांनी हिशेब मागितला. तेव्हा उघड झालं, चोरीची अन् गळतीची वीजही शेतकऱ्याच्या नावावर मांडलेली. कुणी विचारलं नसतं तर तोच आकडा खरा धरला असता.

2003 च्या वीज कायद्यात कलम 94 आहे. ग्राहकांच्या वतीनं बोलायला आयोग माणसं नेमू शकतो. आपल्या आयोगानं चार संस्था नेमल्या : मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. चारातल्या दोन कारखानदारांच्या. तेही ग्राहकच, त्यात बेकायदा काही नाही. त्यांच्याकडं वकील हाय, इंजिनियर हाय, जाडजूड इंग्रजी अर्ज वाचणारा माणूस हाय. पाड्यावरचं कुणी त्या यादीत नाही.

तरी दार बंद नाही. अर्जाची नोटीस मराठी पेपरातही येते. हरकत कुणीही लिहून देऊ शकतो, वकील लागत नाही. सुनावणीत मराठीत बोलता येतं. मागच्या खेपेला आपल्याला कळलं तेव्हा मुदत संपली होती, कारण वाडीवर पेपर येतच नाही. म्हणून इथं कामाला येणाऱ्या पोरांनी पेपर बघायचा आणि नोटीस दिसली की कापून आणायची. बायांनी मीटर न बघता आलेली बिलं फेकायची नाहीत, डब्यात जपून ठेवा. पुढच्या ग्रामसभेत ती घेऊन या, हरकत तिथंच बसून लिहू.