एमएसचा थकवा आणि आपलं ऊन
(रौप्यमहोत्सवी आरोग्य व्याख्यानात एका सभासद भगिनींनी केलेले भाषण)



मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आले नाही म्हणून काहीजणी रागावल्या होत्या. आदल्या दिवशी कुणीतरी मला गड्ड्यावर पाहिलं होतं. "जत्रा फिरायला होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला होत नाही?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर देते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ते कुरतडते. संसर्गाचा आजार नाही, माझ्या शेजारी बसून लागत नाही. (हेही विचारून झालंय!) बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त. चालताना झोक जातो ते लोकांना दिसतं तरी. थकवा दिसत नाही, आणि चारांतल्या निदान तिघा रुग्णांना तो असतो.

हा कामाचा शीण नव्हे. रात्रभर झोपून उठावं आणि दुधाची पिशवीही जड वाटावी, असा असतो. गड्ड्याला गेले त्याची किंमत दुसऱ्या दिवशी भरली, एवढंच. पगार थोडा असला की महिनाअखेर कशी जाते, तसं.

त्यात आपलं सोलापूर. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 साली नोंदवलं, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं, की खरं कारण अंगातली वाढलेली उष्णता. अर्ध्या अंशानेही आवरण गेलेल्या तंतूतला संदेश अडतो. एमआरआय नव्हतं तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून रोग ताडून बघायचे. आम्हाला टब कशाला हवा? मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत सात रस्त्यावर उभं केलं की झालं! पण गार झाल्यावर हे ओसरतं, त्याने नवी इजा होत नाही. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. माझा उपाय आपल्या गावचाच आहे: सोलापुरी टॉवेल ओला करून मानेभोवती. बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत.

सगळा थकवा एमएसचाच असतो असंही नाही. रात्री लघवीला तीनदा उठावं लागलं तर झोप कुठून होणार? रक्त कमी असणं, थायरॉइड, मनाची उदासी, एखादं औषध, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. यातलं बरंच बरं होतं. खास थकव्यासाठी म्हणून देतात त्या गोळ्यांबद्दल मात्र फार आशा धरू नये. त्यातली तीन औषधं अमेरिकेत नकली गोळीशी ताडून पाहिली. 2021 साली छापलेल्या निकालात एकही सरस ठरलं नाही. व्यायामाने फायदा होतो. पूर्वी डॉक्टरच "दमू नका, पडून राहा" म्हणायचे. 1996 सालच्या एका अभ्यासानंतर तो सल्ला बदलत गेला. मी पंख्याखाली वीस मिनिटं करते, मधे बसत बसत.

घरात काय बदललं? भाज्या बसून चिरते. गॅससमोर उभं राहून भाकऱ्या थापणं सोडलं, कडक भाकरी विकत आणते. सासूबाई आधी गप्प होत्या; आता त्याच दुकानदाराला "कालची नको" म्हणून सांगतात. पाणी येतं त्या दिवशी दुसरं काहीच काम ठेवत नाही. दमल्यावर विश्रांती घेण्यापेक्षा दमायच्या आधी घ्यायची, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांसाठी काम करते. कुणाच्या नात्यात असा रुग्ण असेल तर जरूर चौकशी करा.

आता घरचा विषय. वीजबिलासाठी दुपारी एक ते चार लिफ्ट बंद ठेवायचा ठराव झाला, तेव्हा मीही हात वर केला होता. तेव्हा मला हा आजार नव्हता. गेल्या एप्रिलमध्ये दवाखान्यातून दीड वाजता परतले आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर चाळीस मिनिटं बसून राहिले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मार्च ते जून एवढे चार महिने तरी लिफ्ट दुपारी चालू ठेवावी. जादा बिलातला माझा वाटा मी देईन. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी सचिवांना विनंती; अर्ज लिहून आणलाय.